गोष्ट नेमकी कुठे कापली? मुलांवरच्या अत्याचारासाठी इतिहास-पुराणांचे दाखले देणाऱ्यांना कसं उत्तर द्यायचं

मी नोकरीभर शाळेत इतिहास शिकवला. आता पालक आणि शिक्षकांसाठी मुलांच्या सुरक्षिततेवर सत्रं घेते. सत्र संपत आलं की कुणीतरी हात वर करतं आणि म्हणतं, ‘‘मॅडम, सगळं बरोबर, पण पूर्वी तर...’’

‘पूर्वी तर’च्या पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. पूर्वी तर बाराव्या वर्षी लग्नं व्हायची, कुणाचं काय बिघडलं? पूर्वी तर गुरुजी फोडून काढायचे, म्हणून माणसं घडली. ग्रीकांमध्ये तर हे उघड चालायचं, आणि तत्त्वज्ञान त्यांनीच दिलं ना जगाला? देवांनीही केलंय, मग माणसाचं काय घेऊन बसलात?

यातले काही जण ऐकलेलं नुसतं पुढे ढकलत असतात. काही जण मात्र कुणाला तरी वाचवायला बोलत असतात, आणि कधी कधी तो ‘कुणीतरी’ म्हणजे ते स्वतःच असतात. उत्तर दोघांनाही द्यायचं, पहिल्याला समजावणीच्या सुरात आणि दुसऱ्याला नाही. कोण कुठला हे पहिल्या प्रश्नातच बरंचसं कळतं.

आधी विचारा: हे आत्ता का?

प्राचीन ग्रीसमधल्या चालीरीतींवर वर्गात चर्चा होऊ शकते, व्हायलाही हवी. पण समोर एखाद्या मुलाची तक्रार असताना कुणी अथेन्स काढलं, तर तो इतिहास सांगत नाहीये, विषय बदलतोय. म्हणून शांतपणे विचारा, ‘‘हे तुम्ही आत्ता का सांगताय? यावरून आपण या मुलाबाबत काय ठरवायचं?’’

भाबडा माणूस इथे गडबडतो. ‘‘नाही, म्हणजे, सहज आठवलं,’’ म्हणतो आणि गप्प होतो. त्याला तिथेच सोडा, पाठलाग करू नका. दुसरा मात्र चिडतो किंवा आणखी चार दाखले काढतो. त्याचं नाव लक्षात ठेवा.

आलेला प्रत्येक दाखला खोडत बसायचं नाही. दहा दाखल्यांना दहा उत्तरं देता देता तास जातो, आणि त्या तासात मुलाचं नावही निघत नाही. एकच दाखला घ्या, तो नीट उलगडा आणि मुलाकडे परत या.

मग बघा, गोष्ट कुठे कापली

माझी सगळी पद्धत खरं तर एवढ्या एका प्रश्नावर उभी आहे. सोयीचा दाखला देणारा गोष्ट पूर्ण सांगत नाही. ज्याला इजा झाली तो किंवा त्याची आई बोलायला लागणार, त्याच्या जरा आधी तो थांबतो. म्हणून मूळ गोष्ट शेवटपर्यंत वाचा. आश्चर्य वाटेल, पण पुराणकथा पुष्कळदा मुलाच्या बाजूने उभ्या असतात.

ग्रीकांपासूनच सुरुवात करू. देवांचा राजा झ्यूस याने ट्रॉयचा देखणा राजपुत्र गॅनिमीड उचलून नेला, ही या मंडळींची आवडती कथा. अॅफ्रोडाइटीच्या प्राचीन स्तोत्रात ती आहे, आणि त्यात बापही आहे. मुलगा कुठे गेला हे न कळून ट्रोस राजा रडत राहतो. झ्यूसला दया येते, तो भरपाई म्हणून दिव्य घोडे पाठवतो, मुलगा आता अमर झाला असा निरोप धाडतो, आणि बाप सुखावतो. भरपाई बापाला मिळाली. मुलाला काय वाटलं ते स्तोत्रात कुणी विचारतच नाही. ही कथा ज्याला समर्थनासाठी वापरायची असेल त्याने घोड्यांसकट वापरावी.

पर्सेफोनीचंही तसंच. पाताळाचा देव हेडीस तिला पळवून नेतो, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे तिची आई डिमीटर पृथ्वीवर काही उगवूच देत नाही, माणसं उपाशी मरायला लागतात आणि देवांनाही नमतं घ्यावं लागतं. डिमीटरच्या स्तोत्राचा मोठा भाग हाच आहे.

आणि लायस? इडिपसची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, त्याच्या बापाची नसते. लायस पेलॉप्स राजाकडे आश्रयाला होता. राजाचा मुलगा क्रिसिपस याला रथ हाकायला शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने त्या मुलालाच पळवलं. काही कथांमध्ये मुलगा लाजेने जीव देतो. पेलॉप्सने दिलेला शाप लायसच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या भोवला, असं ती परंपरा सांगते. आश्रय दिलेल्या घरातला विश्वासू शिक्षक, हाताशी असलेला मुलगा आणि उद्ध्वस्त झालेलं घर. ग्रीकांना हे सगळं चांगलं कळत होतं.

आपल्याकडची माझी लाडकी कथा शुनःशेपाची. ‘मुलं आमची, आम्ही काहीही करू’ म्हणणाऱ्या पालकाला मी हीच ऐकवते. ऐतरेय ब्राह्मणात ती आहे. अजीगर्त नावाचा भुकेने गांजलेला ऋषी शंभर गाईंच्या बदल्यात आपला मधला मुलगा यज्ञात बळी द्यायला विकतो. पोराला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या खांबाला, बांधायला कुणी धजत नाही, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बाप स्वतः बांधतो. मारायला कुणी तयार होत नाही, तेव्हा आणखी शंभर घेऊन तोच सुरी परजत येतो. मुलगा देवांची स्तुती करतो आणि पाश गळून पडतात. इथे गोष्ट संपली असती तर ती चमत्काराची राहिली असती. पण ती पुढे जाते. बाप म्हणतो, चल घरी. मुलगा म्हणतो, तू माझ्यापेक्षा तीनशे गाई निवडल्यास. तो परत जात नाही. विश्वामित्र त्याला आपला मुलगा करून घेतो.

बापाचा हक्क कुठे संपतो, याबद्दल इतकं रोखठोक बोलणारा मुलगा इतक्या जुन्या ग्रंथात आहे, हे मला अजूनही थरारक वाटतं. प्रल्हादाची कथा तर लहान मुलालाही येते. त्यात बाप छळतो आणि ग्रंथ बापाची बाजू घेत नाही.

‘मुलानेच तसं वागून बोलावलं’ हा या सगळ्यातला सर्वात नीच युक्तिवाद. त्याला महाभारताच्या आदिपर्वातला अणीमांडव्य पुरतो. या ऋषीला चोरीच्या खोट्या संशयावरून सुळावर चढवतात. तो यमधर्माला विचारतो, माझं काय चुकलं होतं? उत्तर मिळतं, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य संतापतो. अजाण वयातल्या गोष्टीला एवढी शिक्षा? तो तिथेच मर्यादा घालून देतो की चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचं पाप लागणार नाही, आणि यमधर्मालाच शाप देतो. विदुर हा त्या शापाचा जन्म. मुलाच्या वागण्याचा भार मुलावर टाकायचा नाही, यासाठी त्या कथेत प्रत्यक्ष धर्माला माणसाच्या जन्माला यावं लागलं. आता मुलाने लाडीगोडी केली, भेटवस्तू घेतली, पुन्हा त्याच घरी गेला, म्हणून दोष त्याचा असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

इतिहासाचा दाखला असेल तर तारीख आणि माणूस मागा

‘पूर्वी’ हा काळ कुठल्याच शतकात बसत नाही. ‘‘कुठे, कधी, कोण?’’ एवढं विचारलं तरी निम्मे दाखले विरघळतात.

‘सगळ्यांची लग्नं बाराव्या वर्षी व्हायची.’ सगळ्यांची नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या चर्चमधल्या नोंदी तपासल्या, तर सामान्य घरातल्या बायका पंचविशीच्या आसपास लग्न करताना दिसतात. लहान वयातली लग्नं राजघराण्यांत आणि सरदारांत होत, कारण तिथे जमीन आणि तह यांचा प्रश्न असे. आणि तिथेही ती निमूट खपत नव्हती. मार्गारेट बोफर्टचं उदाहरण हाताशी ठेवा. बारा वर्षांची असताना तिचं एडमंड ट्यूडरशी लग्न झालं. तेराव्या वर्षी, १४५७ च्या जानेवारीत, तिला मुलगा झाला, तोच पुढे इंग्लंडचा राजा झालेला सातवा हेन्री. पुढे तिची आणखी लग्नं झाली, पण दुसरं मूल कधी झालं नाही. मग १४९८ च्या सुमारास तिच्या लहानग्या नातीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरत होतं. हेन्रीने स्पेनच्या वकिलाला सांगितलं की राणी आणि माझी आई या घाईच्या विरोधात आहेत. मुलीला आत्ता पाठवलं तर तो राजा थांबणार नाही, तिला इजा करेल, अशी त्यांना भीती आहे. ‘कुणाचं काय बिघडलं’ याचं उत्तर जिचं बिघडलं तिनेच देऊन ठेवलंय.

‘माणसं तिशीत मरायची, म्हणून लवकर लग्न.’ हा आकड्याचा घोळ आहे. तान्ही मुलं मोठ्या संख्येने दगावत, म्हणून सरासरी खाली येई. बालपण पार केलेली पुष्कळ माणसं पन्नाशी-साठी बघत. ‘मुली तेव्हा लवकर वयात यायच्या’ हे तर अगदी उलटं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर युरोपातल्या नोंदींत पाळी सुरू होण्याचं वय सोळा-सतरापर्यंत दिसतं. ते आजच्याहून बरंच जास्त आहे.

‘बालपण ही कल्पनाच आधुनिक आहे.’ हे वाक्य शिकलेल्या माणसाकडून येतं. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये असं काहीसं मांडलं होतं. पुढच्या इतिहासकारांनी मध्ययुगातली खेळणी, पत्रं, मेलेल्या लेकरांसाठी केलेला शोक असे पुरावे ठेवून ते बरंच मागे ढकललं. तेवढं सांगा आणि पुढे चला. अशा माणसाला वादाची हौस असते, ती पुरवायची नाही.

‘शास्त्रात तसं सांगितलंय.’ शास्त्रात बरंच काही सांगितलंय. सुश्रुतसंहिता सांगते की सोळा वर्षांखालच्या मुलीला पंचविशी न गाठलेल्या पुरुषापासून गर्भ राहिला, तर तो पोटातच नासतो, जन्मला तर फार जगत नाही किंवा दुबळा राहतो. १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय कायद्याने वाढवण्याच्या, वादात रा. गो. भांडारकर धर्मशास्त्राच्याच आधाराने कायद्याच्या बाजूने लिहीत होते. आगरकरही कायद्याच्या बाजूने होते. टिळक विरोधात होते, परक्या सरकारने यात कायदा करू नये हा त्यांचा मुद्दा. म्हणजे त्या काळातच कडाक्याचं भांडण चाललं होतं. ‘त्या काळात सगळ्यांना मान्य होतं’ असं कुणी म्हणालं, की मी हे भांडण समोर ठेवते.

आणि त्या भांडणामागे एक मुलगी होती. बंगालमधली फुलमणी, सुमारे अकरा वर्षांची. वयाने कितीतरी मोठ्या नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीत ती मेली. १८९० साली खटला उभा राहिला, तेव्हा कायद्यानुसार दहा वर्षांवरच्या बायकोच्या बाबतीत बलात्कार हा गुन्हाच होत नव्हता. नवऱ्याला किरकोळ कलमाखाली वर्षभराची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या वर्षी वय दहावरून बारा केलं गेलं. त्याआधी रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी लावलेलं लग्न नाकारून, नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन असं सांगितलं होतं. पुढे त्या डॉक्टर झाल्या. ‘त्या काळातल्या मुलींना काही वाटत नसे’ असं म्हणणाऱ्याने त्यांची पत्रं वाचावीत.

ग्रीसचं काय करायचं

ग्रीसवर जरा थांबते, कारण इथे नुसत्या गप्पा नाहीत, प्रत्यक्ष नुकसान झालंय.

अथेन्समध्ये प्रौढ पुरुष आणि किशोरवयीन मुलं यांच्या संबंधांना समाजाच्या एका थरात मान होता. हे खरं आहे, नाकारू नका. पण त्याच अथेन्समध्ये एस्किनीसने इ. स. पू. ३४५ च्या सुमाराला न्यायसभेत केलेल्या भाषणात जुने कायदे सांगितलेत. शाळा सूर्योदयाआधी उघडायची नाही, सूर्यास्ताआधी बंद करायची. मुलं आत असताना बाहेरच्या मोठ्यांनी शिरायचं नाही. मुलांच्या गायकवृंदाचा खर्च उचलणारा चाळिशी ओलांडलेला हवा. बापाने मुलाला पैशासाठी दुसऱ्याच्या हवाली केलं तर खटला बापावर आणि घेणाऱ्यावर, मुलावर नाही. इतकी कुंपणं घालणारा समाज निर्धास्त नव्हता. आजच्या शाळेच्या सुरक्षा नियमावलीत यातले दोन नियम तसेच घालता येतील.

आता दाखल्याचा उपयोग कसा होतो ते बघा. जर्मनीत गुस्ताव विनेकन नावाच्या शिक्षणसुधारकाने १९०६ मध्ये विकर्सडॉर्फला नव्या विचारांची निवासी शाळा काढली. १९२१ मध्ये विद्यार्थ्यांशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि त्याने ग्रीक आदर्शांचा हवाला देत स्वतःच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली. त्या शाळेत त्याचा सहकारी असलेल्या पाउल गेहेबने १९१० मध्ये ओडनवाल्ड शाळा काढली होती. कित्येक वर्षांनी तिथला मुख्याध्यापक गेरोल्ड बेकर आणि काही शिक्षक मुलांवर अत्याचार करत राहिले, आणि भोवती गुरू-शिष्यांच्या जिव्हाळ्याची तीच भारदस्त भाषा होती. १९९९ मध्ये माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं वर्तमानपत्रात छापून आलं, फारसं काही हललं नाही. २०१० च्या चौकशीत किमान १३२ पीडित मोजले गेले. २०१५ मध्ये शाळा बंद पडली.

म्हणून शाळा निवडताना किंवा चालवताना माझा एक साधा नियम आहे. शिक्षक आणि मुलं यांच्यातल्या ‘खास नात्या’बद्दल कुणी प्राचीन शब्दांत फार भारून बोलायला लागलं, मग ते ग्रीक असो की गुरुकुलाचं, की मी विचारते: मुलगा कुणाकडे तक्रार करू शकतो, आणि तो माणूस तुमच्या पगारावर आहे का?

मारण्याचा दाखला

‘छडी लागे छमछम’ आणि ‘लालयेत् पंच वर्षाणि’. दुसऱ्या श्लोकाचा मधला तुकडाच लोकांच्या तोंडी असतो, दहा वर्षं ताडन करावं. तिसरा तुकडा, सोळाव्या वर्षापासून मित्रासारखं वागवावं, हा ऐकवा. पण मधल्याचा अर्थ ओढूनताणून बदलायला जाऊ नका. तिथे मारणंच म्हटलंय. ‘‘म्हटलंय, आणि मला ते मान्य नाही,’’ एवढं म्हणायची सवय लावून घ्या. जुन्या माणसांतही मतभेद होते हे मात्र सांगा: पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवणारा क्विंटिलियन मुलांना फटके मारण्याच्या स्पष्ट विरोधात होता. मार खाल्लेलं मूल भीतीने आणि लाजेने दबून जातं, हे त्याने लिहून ठेवलंय. स्वीडनने घरातल्या मारालाही कायद्याने बंदी घातली ती १९७९ मध्ये. मधल्या काळात आपण काय करत होतो, हा प्रश्न मला छळतो खरा.

जिथे इतिहास खरंच वाईट आहे

तिथे सारवासारव करू नका. तुमचा सगळा धीर इथेच लागतो. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात संमतीचं वय सात होतं. इंग्लंडमध्ये १८८५ पर्यंत तेरा होतं. ‘‘हो, होतं. म्हणूनच बदललं,’’ एवढंच उत्तर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत चोविसावं कलम आहे. मुलांच्या आरोग्याला घातक असलेल्या परंपरागत प्रथा बंद करायला ते सरकारांना बांधून घालतं. परंपरा आहे हे मान्य करूनच ते लिहिलंय.

पूज्य व्यक्तींची नावं निघतील. जवळपास प्रत्येक धर्मात, लग्नाच्या वेळी अमुकचं वय काय होतं, असा एखादा वाद आहे. त्यात उतरू नका. तिथे वर्षांची बेरीज-वजाबाकी सुरू झाली की मारामारीवर जातं, आणि ज्याला हवं होतं त्याचं काम होतं. ‘‘त्यांच्याबद्दल तुम्हाला आदर आहे, तो राहू दे. आपण या मुलीबद्दल बोलतोय,’’ म्हणायचं आणि तिच्याबद्दलच बोलायचं. याची दुसरी बाजूही मी रोज बघते: ‘त्यांच्यात तर धर्मातच आहे’ म्हणून दुसऱ्या समाजावर तुटून पडणारे. त्यांनाही ती मुलगी दिसत नसते.

दाखला मुलाच्या कानात सांगितला जातो तेव्हा

आतापर्यंत मोठ्यांच्या वादाचं झालं. पण अत्याचार करणारा हेच दाखले मुलालाही ऐकवतो. राजेमहाराजांमध्ये असंच असायचं, देवाचीही अशी खास शिष्या होती, आपलं नातं जुन्या काळासारखं आहे, आजच्या लोकांना ते कळणार नाही. मुलाला गोष्टी आवडतात, त्यात आपण कुणी विशेष आहोत असं वाटलं तर अधिकच. म्हणून मूल अचानक ‘पूर्वी असं चालायचं ना?’ असं विचारायला लागलं, तर दचकू नका, रागावू नका. ‘‘तुला कुणी सांगितलं?’’ हा प्रश्न दुसरा. पहिला: ‘‘अजून काय सांगितलं त्यात?’’ गोष्ट पूर्ण ऐकून घ्या.

मुलांना आधीच एक वाक्य शिकवून ठेवता येतं, आणि ते अगदी लहानांनाही कळतं: जी गोष्ट आईबाबांना सांगायची नाही असं कुणी म्हणतं, ती आधी सांगायची. पुराणातली असली तरी.

काही गंभीर कानावर आलं तर मुलाची उलटतपासणी घेऊ नका. तेच तेच विचारल्याने मूल उत्तर बदलतं, आणि नंतर तपासात तेच त्याच्यावर उलटतं. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. कुणी दिलेला दाखला, तो कुठे आणि कुणासमोर दिला, हेही लिहा. समर्थनाचं वाक्य पुष्कळदा कबुलीच्या फार जवळचं असतं. मग बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे जा. आणि आपण तक्रार करणार आहोत हे त्या माणसाला आधी सांगू नका, त्याला ‘एक संधी’ म्हणूनही नाही. त्या मधल्या वेळात तो मुलाला गाठतो.